बिऱ्हाड परदेशी हलवताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशातल्या नोकरीचे पत्र हाती पडले की घरात सर्वांत आधी एक गुणाकार होतो. पत्रातला पगार घ्यायचा, त्या दिवशीच्या दराने रुपयांत गुणायचा आणि येणारा आकडा नातेवाइकांना सांगायचा. सहा हजार दिरहम म्हणजे महिन्याला जवळपास दीड लाख रुपये! यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेडसारख्या गावांत हा आकडा कुणालाही मोठाच वाटणार. मग घरातलेच कुणी वडीलधारे माणूस म्हणते, ‘एवढा पगार आहे तर सूनबाईला आणि लेकरांनाही घेऊनच जा. एकट्याने कशाला हाल काढायचे?’

हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण हिशेब करून दिलेला नसतो. यवतमाळात करसल्ल्याचे काम करताना अशी कुटुंबे माझ्याकडे येतात. बहुतेक येतात ती तिकिटे काढून झाल्यावर. तोवर घरातल्या बाईने नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले निघालेले असतात आणि एखाद्या घरी शेतही गहाण पडलेले असते. त्या वेळी सल्ला देण्यासारखे फार थोडे उरते. म्हणून आज मी बोलणार आहे ते पत्र आल्यापासून तिकीट काढेपर्यंतच्या काळाविषयी. माझे म्हणणे थोडक्यात असे : एकट्याने नोकरीला जाणे हा एक निर्णय आहे आणि संसार घेऊन जाणे हा दुसरा. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडा आणि दुसऱ्याचा हिशेब जमल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नका.

गुणाकार शिलकीचा करा

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची खरे तर गरज नाही. एकरी किती क्विंटल कापूस झाला यावरून कुणी शेतकरी सुखी ठरत नाही. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी वजा जाता हातात काय राहिले, ते तो पाहतो. परदेशातल्या पगाराचे तसेच आहे. त्यातला जो भाग तिथेच खर्च होणार, त्याला रुपयांत गुणण्यात काही अर्थ नाही. गुणायची ती शिल्लक.

एक उदाहरण मांडू. समजा, आपल्या जिल्ह्यातल्या एका घरात नवऱ्याला महिना ३५ हजार आणि बायकोला २५ हजार रुपये मिळतात. दोन शाळकरी मुले आहेत. घरखर्च ३५ हजार, म्हणजे दरमहा २५ हजार शिल्लक. नवऱ्याला दुबईत ६,००० दिरहमची नोकरी मिळाली. हिशेबाच्या सोयीसाठी एक दिरहम २४ रुपयांचा धरू.

आधी तो एकटा गेला असे समजा. चौघांत मिळून खोली, जेवण, बस, फोन असा त्याचा खर्च २,२०० दिरहम. उरले ३,८००, म्हणजे ९१,२०० रुपये. इकडे बायकोचा २५ हजारांचा पगार चालूच आहे आणि एक माणूस कमी झाल्याने घरखर्च ३० हजारांवर आला आहे. घराची एकूण शिल्लक झाली दरमहा ८६,२०० रुपये.

आता पगार तोच, पण चौघेही गेले. घरभाडे ३,०००, वीज-पाणी ४००, किराणा १,५००, दोन मुलांची शाळा आणि शाळेची बस १,२००, विमा आणि व्हिसाचा मासिक वाटा ३००, प्रवास आणि फोन ५००. बेरीज ६,९०० दिरहम. पगार ६,०००. म्हणजे दरमहा ९०० दिरहमची, साडेएकवीस हजार रुपयांहून अधिक तूट. शिवाय बायकोचा पगार बंद झाला तो वेगळाच.

पगार ६,००० ऐवजी १०,००० दिरहम असता तर? कुटुंब नेल्यावर ३,१०० उरले असते, म्हणजे ७४,४०० रुपये. बघा, दहा हजारांवर कुटुंबासह राहणाऱ्यापेक्षा सहा हजारांवर एकटा राहणारा माणूस अधिक शिल्लक टाकतो. आणि यात वर्षातून एकदा गावी येण्याची चार तिकिटे मी अजून धरलेली नाहीत.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून हीच बेरीज करा. आणि कुटुंब नेऊच नका, असा याचा अर्थ काढू नका. लेकरे मोठी होताना बापाने ती फोनवर पाहायची, हा तोटाही लहान नाही. पण एकत्र राहण्याची एक किंमत असते. ती आधी कळावी आणि मग खुशाल मोजावी.

कुटुंब नेले की कोणते खर्च लागतात

आपल्याकडून आखाती देशांत जाणारे बरेच असल्याने तिथले नियम आधी पाहू. संयुक्त अरब अमिरातीत बायको-मुलांना बोलावण्यासाठी किमान पगाराची अट आहे. २०१९ साली ती ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, अशी ठरली. लोक हा आकडा वाचतात आणि समजतात की एवढ्यात भागत असेल. परवानगीपुरता पगार आणि जगण्यापुरता पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आताच्या बेरजेवरून दिसलेच.

दुबईत घराचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यायची पद्धत सर्रास नाही. वर्षाचे भाडे एका धनादेशात किंवा दोन-चार धनादेशांत आगाऊ द्यावे लागते. त्याशिवाय अनामत, दलालाची दलाली आणि नगरपालिकेचे शुल्क. हे शुल्क वार्षिक भाड्याच्या पाच टक्के असते आणि वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते. म्हणजे पहिला पगार हातात येण्याच्या सुमारास पहिला मोठा धनादेश वटवायची वेळ येते. आजारपणाचा विमा नोकरी करणाऱ्याचा मालकाने काढायचा असतो, पण बायको-मुलांचा विमा त्यांना बोलावणाऱ्यानेच काढायचा. सरकारी शाळांवर आपल्या मुलांची भिस्त ठेवता येत नाही. बहुतेक भारतीय मुले खासगी भारतीय शाळांत जातात आणि तिथे फी, पुस्तके, गणवेश, बस हे सारे पदरचे.

नियम मध्येच बदलू शकतात, हे सौदी अरेबियाने दाखवून दिले. जुलै २०१७ पासून तिथे परदेशी नोकरदाराच्या प्रत्येक अवलंबितावर महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले. दरवर्षी शंभराने वाढत ते २०२० मध्ये ४०० रियालवर गेले. बायको आणि दोन मुले असतील तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल, तेही निवासपरवान्याच्या नूतनीकरणावेळी आगाऊ. याच काळात मूल्यवर्धित कर आला. २०१८ मध्ये तो ५ टक्के होता आणि जुलै २०२० मध्ये १५ टक्के झाला. पगार मात्र अनेकांचे होते तेवढेच राहिले. त्या काळात असंख्य भारतीयांनी बायका-मुलांना गावी परत पाठवले आणि स्वतः पुन्हा सामायिक खोलीत राहायला गेले. ज्यांनी गावचे घर मोडले नव्हते त्यांना हे निभावले.

पत्रातला आणखी एक आकडा नीट वाचा : मूळ वेतन. अमिरातीत परदेशी नोकरदाराला निवृत्तिवेतन नाही. नोकरी सोडताना मिळते ती उपदानाची रक्कम. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे मूळ वेतन आणि त्यापुढे दर वर्षामागे ३० दिवसांचे. एकूण पगार १०,००० दिरहम असला आणि त्यात मूळ वेतन ४,००० दाखवले असेल, तर वर्षाला २,८०० दिरहम जमतात. मूळ वेतन ६,००० असेल तर ४,२००. एकूण पगारावर घासाघीस करणारी माणसे इकडे लक्षच देत नाहीत. म्हातारपणाची सोय पगारातून स्वतःच करायची आहे, हे धरूनच हिशेब मांडा.

जर्मनीचे गणित वेगळे

आता युरोपकडे वळू, कारण अलीकडे आपल्या राज्यात त्याची चर्चा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा अनेक कामांचा त्यात समावेश आहे. करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे, हे लक्षात ठेवूनच तिकडे जायचा विचार करणाऱ्यांनी खालचा हिशेब करावा.

आखातात पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे पत्रातला पगार आणि हातातला पगार जवळपास सारखा असतो. जर्मनीत तसे नाही. तीन हजार युरो पगार असेल तर एकट्या माणसाच्या हाती साधारण दोन हजारांहून थोडे अधिक येतात. प्राप्तिकर, निवृत्तिवेतन, आरोग्य विमा आणि बेरोजगारी विमा यांत जवळपास तिसरा हिस्सा कापला जातो. निवृत्तिवेतनाची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के असते, त्यातली निम्मी नोकराची आणि निम्मी मालकाची.

पण गंमत अशी की कुटुंब नेल्यावर आखातात खर्चच वाढतो, तर जर्मनीत काही गोष्टी सोप्या होतात. न कमावणारी बायको तिथे सोबत राहत असेल तर करवर्ग बदलून कपात कमी करून घेता येते. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले जादा वर्गणीशिवाय येतात. मुलांसाठी सरकारी भत्ता मिळतो. २०२५ साली तो दर मुलामागे महिना २५५ युरो होता. सरकारी शाळेला फी नाही.

मग अडचण कुठे? पहिली घराची. बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी श्टुटगार्ट हे जर्मनीतल्या महागड्या भाड्याच्या शहरांपैकी एक आहे. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागता येते आणि घर पुष्कळदा इतके रिकामे मिळते की स्वयंपाकाचा ओटा आणि दिवेसुद्धा आपणच बसवायचे. दुसरी अडचण भाषेची. शाळा फुकट आहे पण जर्मन भाषेत आहे. पाचवीतले मूल वर्ष-दोन वर्षे मागे पडले तर त्याची किंमत कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. लहान मूल पटकन रुळते, दहावीच्या उंबरठ्यावरचे मूल तितके सहज रुळत नाही. म्हणून मुलांचे वय हीसुद्धा हिशेबातली एक ओळ समजा.

पुण्यातल्या एखाद्या कंपनीने ठरावीक मुदतीसाठी जर्मनीला पाठवले असेल तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे. इथला भविष्य निर्वाह निधी चालू ठेवून, त्या कार्यालयाचे प्रमाणपत्र नेले तर तिथली निवृत्तिवेतनाची वर्गणी ठरावीक काळ वाचते. हे प्रमाणपत्र जाण्याआधी घ्यायचे असते.

घरातला दुसरा पगार

या सगळ्यात हिशेबाबाहेर राहते ती बायकोची कमाई. ‘तिचे काय, पंचवीसच तर हजार आहेत,’ असे म्हणणारे मी ऐकले आहे. पंचवीस हजार दरमहा म्हणजे वर्षाला तीन लाख आणि पाच वर्षांत पंधरा लाख. त्यात वेतनवाढ, भविष्य निर्वाह निधी आणि ज्येष्ठता धरलेली नाही. ती शिक्षिका असेल, परिचारिका असेल, बँकेत असेल, तर पाच वर्षांनी परत आल्यावर तीच जागा तिची वाट पाहत थांबलेली नसते.

तिला तिकडे काम करता येईल का, हा प्रश्न देशागणिक बदलतो. अमिरातीत नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला कामाचा परवाना घेऊन नोकरी करता येते, पण नोकरी तिलाच शोधायची. जर्मनीत परिचारिकेला पदवीची मान्यता आणि साधारणपणे बी-दोन पातळीची जर्मन भाषा लागते. त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारांना २०१५ पर्यंत कामाची परवानगीच नव्हती. त्या वर्षापासून ती मिळू लागली तीही ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना. तेव्हा ‘तिकडे गेल्यावर तिलाही काहीतरी लागेलच’ हे वाक्य हिशेबात शून्य धरा. लागले तर आनंदच आहे. आणि राजीनामा देण्यापूर्वी बिनपगारी रजा मिळते का, याचे उत्तर कार्यालयाकडून लेखी घ्या.

इकडचे व्यवहार आवरून जा

आता इथल्या व्यवहारांकडे. परदेशात नोकरीसाठी निघालेला माणूस परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, दृष्टीने निघताक्षणी अनिवासी होतो. त्यामुळे त्याचे इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यायचे. इथले भाडे, शेतीचे उत्पन्न, ठेवींचे व्याज या खात्यात जमा होते आणि व्याजावर ३० टक्क्यांच्या दराने कर आधीच कापला जातो. परदेशातली कमाई पाठवण्यासाठी वेगळे एनआरई खाते उघडायचे. त्यावरचे व्याज करमुक्त आहे आणि पैसा पुन्हा परदेशी नेता येतो. दोन्ही खाती निघण्याच्या आधी बँकेत बसून लावून घ्या. तिकडून कागद पाठवत बसण्यात महिने जातात.

प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी होणे मात्र दिवस मोजून ठरते. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर तो अनिवासी. १ एप्रिल ते २८ सप्टेंबर हे १८१ दिवस होतात. तोवर निघालेल्याचा आणि त्या वर्षात पुन्हा न आलेल्याचा तिकडचा पगार इथे करपात्र होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघालेला माणूस त्या वर्षापुरता निवासीच राहतो आणि मार्चपर्यंतचा परदेशी पगारही साधारणपणे इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. रुजू होण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर हे ध्यानात ठेवा.

आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेतीचा. ‘तिकडे पाच वर्षे कमवू आणि गावी दहा एकर घेऊ’ हे स्वप्न कितीतरी जण घेऊन जातात. पण अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारशाने आलेली शेती ठेवता येते. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. नवी जमीन घ्यायची ती कायमचे परत आल्यावर. वडिलांच्या नावे घेतली तर ती वडिलांची होते आणि पुढे तिच्यावर सगळ्या वारसांचा हक्क येतो, हेही लक्षात असू द्या. भावाभावांतली कितीतरी भांडणे इथूनच सुरू होतात.

जी शेती आहे तिच्यासाठी मागे कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावे लागेल. ते नोंदणीकृत आणि विशिष्ट कामापुरतेच द्या. सरसकट सगळे अधिकार लिहून देऊ नका. पीककर्ज कुणी भरायचे, पीक पाहणी कुणी नोंदवायची, हे घरात सर्वांदेखत ठरवा. पतसंस्थेत कुणाला जामीन राहिला असाल तर त्या कर्जाची आजची स्थिती पाहून घ्या. तुम्ही दूर गेलात म्हणून जामीनकी संपत नाही.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, खाते असेल तर ते मुदत संपेपर्यंत चालवता येते, पण मुदत वाढवता येत नाही. अनिवासी झाल्यावर नवे उघडता येत नाही. विवाहाची नोंदणी केली नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आताच करा. विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला नसेल तर कुटुंबाचा व्हिसा निघत नाही. अमिरातीसाठी हे दाखले राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि तिथला दूतावास अशा तीन पायऱ्यांवर साक्षांकित करून घ्यावे लागतात. त्याला वेळ लागतो आणि पैसाही.

मागे राहणाऱ्या आई-वडिलांची तरतूद हा बिऱ्हाडाच्या खर्चाचाच भाग आहे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. ते कार्ड निघण्यापूर्वी काढून द्या. पण रात्री-बेरात्री नागपूरला न्यायला लागणारे पैसे आणि तुम्हाला तातडीने परत यायला लागणारे तिकीट कुठल्याही कार्डात नसते. तेवढी रक्कम आईच्या किंवा भावाच्या खात्यात वेगळी ठेवा.

जाण्यासाठी कर्ज काढू नका

नोकरी मिळवून देणाऱ्या दलालाला लाख-दोन लाख द्यायला लोक शेत गहाण ठेवतात. नोंदणीकृत भरती दलालाला नियमानुसार जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा वस्तू व सेवा कर एवढेच शुल्क घेता येते. त्याची पावती मागा. दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. पर्यटक व्हिसावर पाठवतो, नंतर बदलून देतो, असे म्हणणाऱ्याला घराच्या दारातूनच परत पाठवा.

ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे त्यांना सौदी, कुवेत, ओमान, अमिराती, मलेशिया यांसारख्या अठरा देशांत नोकरीला जाताना उत्प्रवासाची मंजुरी लागते. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. तीनशे-चारशे रुपयांच्या आतबाहेरच्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते. विम्याचा कागद घरी ठेवून जा, बॅगेत नेऊ नका.

व्याजाने काढलेल्या पैशाचे आणखी एक दुखणे असते. हप्ता चुकेल या भीतीने माणूस वाईट मालकाकडेही टिकून राहतो. कर्ज नसलेला माणूस परत येऊ शकतो.

परतीचा पैसा

शेवटचा मुद्दा परतीचा. खरे तर तो पहिला यायला हवा. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. तिथे तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीय होते. त्यातल्या एक लाखाहून अधिक लोकांना अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आणले गेले. माणसे सुखरूप आली, पण ज्यांनी सगळी बचत कुवेतच्या बँकांत ठेवली होती ती रिकाम्या हातांनी आली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत भरपाई मिळाली, पण त्यात वर्षे गेली. पुढे २०२० च्या साथीत ७ मेपासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने सुरू झाली. त्यांची तिकिटे प्रवाशांनाच काढावी लागली. नोकरी गेलेली, घरभाडे चढलेले आणि चार तिकिटांचे पैसे नाहीत, अशा अवस्थेत कितीतरी कुटुंबे अडकली.

आखातात निवासपरवाना नोकरीला जोडलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत नवी मिळवायची, नाहीतर सगळ्या कुटुंबाने देश सोडायचा. म्हणून परतीचा निधी आधी हवा आणि तो भारतात हवा. आपल्या उदाहरणातल्या घरासाठी मी असा मांडीन : चार तिकिटे एक लाख, गावच्या घरखर्चाचे सहा महिने दोन लाख दहा हजार, मुलांचे नवे प्रवेश आणि सामान नव्वद हजार. झाले चार लाख. तिकडे घर मांडायला, म्हणजे आगाऊ भाडे, अनामत, दलाली, भांडीकुंडी, व्हिसा यांना, आणखी पाच लाख धरू. एकूण नऊ लाख.

दहा हजार दिरहम पगाराचा माणूस आधी एकटा राहिला, तर त्याच्या घराची शिल्लक दरमहा १,८२,२०० रुपये होते. पाच महिन्यांत नऊ लाख उभे राहतात, कर्ज न काढता. तेवढ्या वेळात मालक कसा आहे, पगार वेळेवर होतो का, शाळा कुठे आहे, भाडे खरोखर किती आहे, हेही त्याला कळते. इकडे बायकोची नोकरी आणि मुलांचे शाळेचे वर्ष शाबूत राहते. सहा हजार पगाराच्या माणसाची तूट मात्र नऊ लाख साठवूनही भरत नाही. त्याने पगार वाढेपर्यंत एकट्यानेच राहावे आणि दरवर्षी घरी यावे, असे मी सांगेन.

तेव्हा मंडळी, एक वही घ्या आणि नवरा-बायकोने शेजारी बसून लिहा. डाव्या पानावर एकट्याने जाण्याचा हिशेब, उजव्या पानावर सगळ्यांनी जाण्याचा. तळाशी परतीची रक्कम. ती रक्कम बँकेत दिसू लागली की मुलांच्या शाळेचे वर्ष पुरे होऊ द्या आणि मग तिकिटे काढा.